सहावा ठोका

दोन लाकडी दांडकी एकमेकांवर आपटायची, यात वाजवण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. निशिगंधालाही वाटलं होतं. संशोधनासाठी पुण्याहून युट्रेख्टला आलेल्या या मुलीने बँडमध्ये शिरकाव केला तो याच दांडक्यांच्या जोरावर. क्लावे म्हणतात त्यांना. बँडमध्ये आणखी दोघंच. ओरेस्तेसकाका क्यूबाचे, त्रेस नावाची छोटी गिटार वाजवत गावाकडची गाणी गायचे. फेमके डच, पियानोवर जॅझ आणि ब्लूज. दोघं भांडत भांडत या सगळ्याची मोट बांधत होते, आणि मोटेची दोरी म्हणजे क्लावे.

मग कोरोना आला. प्रयोगशाळा बंद झाली आणि निशिगंधाचं जग एका खोलीत मावलं. दर शनिवारी व्हिडिओवर दिसणारे हे दोघं, एवढीच माणसं तिला उरली. नेटवर आवाज मागेपुढे पोचे, त्यामुळे एकत्र वाजवणं जमेना. ठरलं असं की आधी निशिगंधाने क्लावे रेकॉर्ड करायचं आणि बाकीच्यांनी घरून त्यावर आपलं वाजवायचं.

इथेच माशी शिंकली. ठरवलेल्या गाण्यात क्लावेचे ठोके पाच, आणि आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे नेमक्या समेवर, एकही नाही. तबला शिकलेल्या मुलीला समेवर गप्प बस म्हणणं म्हणजे पंगतीत बसवून जेवू नको म्हणणं. सम आली की तिचा हात आपोआप पडे. सहावा ठोका! काकांचं त्रेस अडखळे, फेमके डोळे मिटून घेई.

शेवटी फेमकेने आडपडदा न ठेवता सांगितलं: या शनिवारी जमलं तर ठीक, नाहीतर क्लावे कॉम्प्युटरवर बनवू. तिचं चुकत नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. दांडकी गेली की बँड गेला, आणि बँड गेला की शनिवारही गेला.

त्या शनिवारी सकाळी सराव करताना निशिगंधाला रूपक ताल आठवला. त्यात समेवरच खाली असते. टाळी द्यायची नाही, हात हवेत फिरवायचा. तिचे तबल्याचे दामोदर सर म्हणायचे, "खाली म्हणजे रिकामं नव्हे गं. तिथे सम राहते. तिला उगाच त्रास देऊ नकोस."

दुपारी दोघं व्हिडिओवर आले, तिने फोनवर रेकॉर्डिंग लावलं. दोघांनी आपापले माइक बंद केले. सम आली, तिने दांडक्यासकट हात हवेत फिरवला. सहावा ठोका पडला नाही. पुन्हा सम, पुन्हा हात. पडद्यावर फेमकेने हात हलवला, काकांनीही हलवला, आणि मीटिंग बंद झाली.

दोनच आवर्तनांत आपला निकाल लागला, असं वाटून तिला रडू फुटलं. पण दांडकी हातातच होती. जायचंच असेल तर गाणं पुरं करून जाऊ, म्हणून ती नाक ओढत शेवटपर्यंत वाजवत राहिली, दर समेला काळ्या पडद्याकडे हात फिरवत. मग तिने रेकॉर्डिंग धाडून दिलं.

संध्याकाळी फेमकेचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मला वाटलं, मी फार बोलले म्हणून तू आमचा निरोप घेतेयस."

व्हिडिओ संपताना सगळे टाटा करतात, हे निशिगंधाच्या ध्यानातच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिने सम समजावून सांगितली, तेव्हा फेमके इतकी हसली की फोन हातातून पडला. मग म्हणाली, "असंच ठेव. कॉम्प्युटरला हात कुठून येणार?"

उन्हाळ्यात बाहेर भेटायची मोकळीक झाली, तेव्हा तिघं कालव्याकाठी दीड-दीड मीटरवर बसून कोरोना आल्यापासून पहिल्यांदा खरोखर एकत्र वाजवू लागले. काकांचं गाणं कधी ब्लूजमध्ये शिरलं, कळलंही नाही. समेला निशिगंधाचा हात हवेत गेला. समोरच्या खिडकीच्या बंद काचेमागे बसलेल्या एका आजींनी, तो आपल्यालाच केला असं समजून, हात हलवला.

निशिगंधा चपापली. काकांनी गाता गाता डोळ्यांनीच खुणावलं, थांबू नकोस. पुढच्या समेला तिने हात मुद्दाम जरा जास्तच उंच नेला. खिडकीतला हात या वेळी बरोबर समेवर आला.