आबांची ऐतवारची बैठक

भाताच्या रोपाच्या मुठी बांधावर पिवळ्या पडायला लागल्या होत्या आन् आकाश पिऊन खाचरात आडवा. गुडघाभर चिखल, वरून पाऊस झोडपतोय, आन् ह्यो गडी तोंड वर करून घोरतोय. त्याचा बाप, कोंडिबा आबा, काखेत हात घालून त्याला बांधाकडं ओढत होता. सत्तरीचा म्हातारा. मला बघून म्हणाले, "बघतोस काय? पाय धर."

आमचं गाव आंबवड्याच्या वरल्या अंगाला. आबांचं खाचर माझ्या खाचराला लागून. उभ्या जन्मात आबांनी दारूचा थेंब जिभेला लावला न्हाई, आन् पोटी हे असलं. मार खाऊन खाऊन सून, सारिका, नातीला घेऊन माहेरी गेली. आबांनी शपथा घातल्या, अंगारा लावला, एकदा तर चावडीपुढं पोराच्या पायावर डोकं ठेवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी बांधावर मीच बोललो, "आबा, भोरला शाळेच्या एका खोलीत ऐतवारी दारू सोडलेली माणसं बसत्यात. माझा मेव्हणा तिथं जाऊन माणसात आला. न्यायचं का ह्याला?"

"औषध देत्यात?"

"न्हाई. नुसतं बोलत्यात."

"मग म्या काय कमी बोललोय व्हय?" आबा म्हणाले. पण बुडत्याला काडी बी लई.

ऐतवारी आकाश निघाला, ते सारिका फोनवर म्हणाली म्हणून. "आधी तिथं जावा, मग मला न्यायला या." गड्यानं दाढी केली, इस्तरीचा शर्ट घातला. आबा मात्र लावणीतनं उठून आलेले. डोळे जागरणानं लाल, हात वयानं थरथरणारे.

खोलीत धा-बारा माणसं होती. बैठक चालवणारे आनंदराव दारात आले आन् त्यांनी आबांचाच हात धरला.

"या बाबा, लाजू नका. हितं समदी आपलीच. किती वर्सं पिताय?"

मी तोंड उघडणार, तर आबांनी माझं मनगट दाबलं. आकाशकडं बघितलं. 'आबा न्हाई, मी' एवढं त्याच्या तोंडातनं निघंना. उलट सुटलो म्हणून हायसं वाटल्यागत तो भिताडाला टेकून बसला.

पाळी आली तवा आबा उठले.

"म्या कोंडिबा. म्या पितो." "पिऊन घरच्या लक्ष्मीवर हात टाकतो. लेकरू माझी चाहूल लागली की कणगीमागं दडतं. माझा बाप म्हातारा हाय. त्यो मला चिखलातनं ओढून आणतो. त्याला रातध्याड एकच घोर, आपण मेल्यावर ह्याला कोण ओढंल?"

आकाशच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं. मला वाटलं, घाव बसला.

यष्टीत आकाश म्हणाला, "आबा, खोटं कशापायी बोलला?"

"खरं बोललो असतो तर तू उठून गेला असतास."

"सोडतो म्या. तुमच्या गळ्याची आण."

दोन-तीन दिस गडी बैलागत राबला. लावणी उरकली. आबा मला बांधावरनं हाक मारून म्हणायचे, "जेवला रं आज पोटभर." मग त्यानं सारिकाला फोन लावला. ती म्हणाली, "एवढ्यात न्हाई. अजून बघू द्या." त्या सांजेला आकाश पुन्हा आडवा.

पुढल्या ऐतवारी मी रस्त्यावर आलो, तर आबा धुतलेला सदरा घालून, छत्री घेऊन यष्टीची वाट बघत उभे.

"आकाश?"

"उठंना."

"मग एकलंच?"

"चल," आबा म्हणाले.

खोलीत शिरल्या शिरल्या आनंदरावांनी इचारलं, "बाबा, ह्या आठवड्यात घेतली?"

"न्हाई."

"थेंबभर बी?"

"न्हाई."

समद्या खोलीनं टाळ्या वाजवल्या. एकानं पाठीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, "ह्या वयात एवढी जिगर! शिका रं बाबाकडनं."

आबांचा चेहरा एकदम चुरगळला. दोन्ही हात वर करून म्हणाले, "नका, टाळ्या नका वाजवू. म्या कवाच पीत नव्हतो. पिणारा घरी पडलाय. लेक हाय माझा."

आनंदराव हळू म्हणाले, "मग बाबा, आज तुमी कशाला आला?"

"घरात त्यो हाय. रानात जावं तर समदं ध्यान घराकडं. देवळात बसावं तर येणारा-जाणारा इचारतो, आकाश कसा हाय. म्या कुठं जाऊ?"

आनंदरावांनी आपली खुर्ची ओढून आबांच्या शेजारी घेतली.

"ह्या घोराला माझ्याकडं बी औषध न्हाई, बाबा. बसा."

आबा बसले.