वळणावरची पाटी

जमिनी मोजण्यात हयात गेलेल्या मोजणीदारानं ही दरी चांगली पारखून घेतली होती. विहिरीला बारमाही पाणी, माती कसदार, सरपण मुबलक.

"जगबुडी आली तरी आपल्या केसाला धक्का लागायचा नाही," तो बायकोला म्हणाला. संकटात शहरातले लोंढे इकडे वळू नयेत म्हणून त्यानं वळणावरची पाटीसुद्धा उपटून टाकली.

"अहो, मग पाहुणे कसे येतील?"

"नकोच ती ब्याद!"

पुढे एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. फोन लागला, ॲम्ब्युलन्सही निघाली. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो कान लावून बसला. सायरन वळणापर्यंत यायचा आणि पुन्हा लांब जायचा.

तिनं डोळे किलकिले केले. "पाहुणे वाट चुकले वाटतं," ती म्हणाली, आणि मग काहीच बोलली नाही.