पाळणाऱ्याचं नाव

"पाळनं म्हंजे काय, ते सांगा आदी," चिमणाबाई म्हणाली आणि तिनं दुधाची किटली माझ्या टेबलावर अशी आपटली की शाईची दौत कलंडली.

टेबलामागे मी, गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. उजव्या हाताला खुर्चीत चेअरमन आण्णा आणि त्यांच्या शेजारी बाकावर चिमणाबाईचा नवरा आकाराम. कोडोलीच्या अलीकडचं आमचं गाव, साल चौऱ्याहत्तर. संस्था निघून सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत आकाराम एकदाही दूध घालायला आलेला मी पाहिला नव्हता. आज आला होता तो इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्याला वासाचं तेल चोपडून.

प्रकरण साधं होतं. आकारामला फटफटी घ्यायची होती, आणि त्यासाठी तो चांदी म्हैस विकत होता. घेणारा कोल्हापूरचा बाळासो गवळी. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. याआधी दोनदा त्याच्या गळ्यात आटलेल्या म्हशी मारल्या गेल्या होत्या. म्हणून त्यानं आकारामला बजावलं होतं, की म्हैस दूध किती देते आणि ती कुणी पाळली असा संस्थेचा दाखला आण, खाली पाळणाऱ्याची सही आण. दाखला मी सकाळीच लिहून ठेवला होता. नावाची जागा तेवढी मोकळी होती.

"लिव्हा की माजं नाव," आकाराम म्हणाला. "ही काय, उगंच बोंबलालीया."

"का म्हनून तुमचं?" चिमणाबाई गरजली. "म्हैस कोन पाळतंय? मला इचारल्याबिगर इकतासा, आनि वर पाळली म्हनून सही बी तुमीच करनार?"

आण्णांनी मला पोटनियमांची पुस्तिका काढायला सांगितली. मी वाचून दाखवलं, "उत्पादक म्हणजे जी व्यक्ती स्वतः दुभते जनावर पाळते ती."

"परत वाचा," चिमणाबाई म्हणाली.

मी परत वाचलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकताना तिचे डोळे माझ्या बोटाबरोबर त्या ओळीवरून फिरत होते. "झालं की मग," ती म्हणाली. "जी पाळती ती. माजं नाव लिव्हा, आनि मी अंगठा देत न्हाय. म्हैस ऱ्हाती घरात."

आण्णा हसले. त्यांचं ते हसणं मला आजही आठवतं आणि आजही माझं डोकं फिरतं. "वैनी, तसा अर्थ नसतोय त्येचा," ते म्हणाले. "वैरन कुनाच्या रानातली? आकारामच्या. गोठा कुनाचा? आकारामचा. दावं, खुटा, समदं त्येचंच. मग पाळतंय कोन?"

"वैरन रानातनं चालत येती व्हय गोठ्यात? डोस्क्यावर भारा कोन आनतंय? शेन कोन काढतंय? वळवाच्या रात्री रेडकू आडवं आलतं, तवा हात घालून कुनी सरळ केलं? ह्ये खासबागेत कुस्त्या बगाय गेलतं!"

"त्ये काम झालं," आण्णा शांतपणे म्हणाले. "बाईमानसानं करायचंच असतंय. काम करनं निराळं आनि पाळनं निराळं. माज्या उसाला गडी पानी पाजतो. म्हनून ऊस काय गड्यानं पिकीवला म्हनत्यात व्हय?"

बाहेर किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका दारापाशी सरकल्या.

"म्हंजे मी गडी," चिमणाबाई म्हणाली. "गड्याला दिस बुडाला की सुट्टी तरी असती, आण्णा."

आण्णांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "सेक्रेटरी, तुमी कोल्हापुरात शिकलेलं. तुमीच सांगा, पाळनं म्हंजे काय."

मला ठाऊक होतं. ठाऊक असायला कोल्हापुरात शिकावं लागत नाही. सहा वर्षं, दिवसातून दोनदा, मी त्या बाईच्या हातून किटली घेतली होती. तिच्या बोटांना पडलेल्या भेगा पाहिल्या होत्या. तापानं फणफणलेली असतानाही ती दूध घालायला आली होती, कारण चांदी दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. आणि तरी सहा वर्षं मी रजिस्टरात लिहीत आलो होतो 'आकाराम'. कारण पहिल्या दिवशी कुणीतरी ते नाव सांगितलं आणि मी ते लिहिलं. मी चूक करतोय असं मला कधी वाटलंही नाही.

मी म्हणालो, "पोटनियमांचा अर्थ लावायचा अधिकार अध्यक्षांचा आहे."

पुस्तिकेत तसं कलम होतं, खोटं मी काही बोललो नाही. माझी नोकरी आण्णांच्या शब्दावर होती, हेही खरं. पण त्या वाक्याची मला जेवढी किळस येते, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची येत नाही.

मी नाव लिहिलं. आकारामनं जीभ बाहेर काढून सही केली. चिमणाबाईनं किटली उचलली, त्या दिवशी दूध घातलंच नाही. दारात थांबून ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "त्यास्नी कळत न्हाय म्हनून सोडलं. तुमाला कळतंय."

सोमवारी चांदी गेली. बुधवारी बाळासो गवळी दाखला फडकावत संस्थेत हजर. म्हैस पान्हवत नव्हती. पुढ्यात पेंड टाकली, पाठीवर थोपटलं, रेडकू लावून पाहिलं, दूध चढवून बसली होती. "ह्यात आकारामनं पाळली म्हनून लिवलंय न्हवं?" तो मला म्हणाला आणि बोलावून आणलेल्या आकारामकडे वळला. "चला पावनं, धार काढून दावा."

आकाराम नव्या फटफटीवरून ऐटीत कोल्हापूरला गेला आणि दुसऱ्या दिवशी लंगडत परत आला. चांदीनं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली होती. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्याच्या पाठोपाठ बाळासो पुन्हा आला, आणि या खेपेला त्याचा आवाज खाली आला होता. कास दगडासारखी झाली होती.

मी त्याला चिमणाबाईकडे घेऊन गेलो. ती रिकाम्या गोठ्यासमोर बसून जोंधळं पाखडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"ज्येचं नाव हाय त्येस्नी न्या," ती म्हणाली.

"त्ये लंगडत्यात, अक्का," बाळासो म्हणाला.

"मग आण्णास्नी न्या. त्यास्नी अर्थ ठावा हाय. न्हायतर ह्या सेक्रेटरीला न्या, त्येचं अक्षार चांगलं हाय."

बाळासोनं डोक्याची टोपी काढली. "अक्का, मला ह्यातलं काय म्हाईत न्हाय. पर मुकं जनावर हाय. तीन दिस झालं हुंबरालंय. दाराकडं तोंड करून हुंबरतंय."

सूप थांबलं. तिनं ते बाजूला ठेवलं. मग उठली, गोठ्यातल्या खुंटीवरचं जुनं हिरवं लुगडं काढलं आणि काखेत मारलं. धार काढताना ती रोज तेच अंगावर घ्यायची. म्हशीला माणूस दिसायच्या आधी वास कळतो, तिला त्या लुगड्याच्या वासाची सवय.

मीही बरोबर गेलो. मला कुणी चल म्हटलं नव्हतं.

बाळासोच्या गोठ्यात आम्ही दुपारी पोचलो. चिमणाबाईनं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, चांदीच्या पोटाला डोकं टेकलं आणि हात लावला. पहिल्या धारा आल्याच नाहीत. मग थेंब आले, मग गुठळ्या, मग कितीतरी वेळानं दूध. तिचे ओठ सारखे हलत होते. ती शिव्या देत होती. कुणाला देत होती ते मी विचारलं नाही, त्यात माझं नाव असणारच.

धार झाल्यावर तिनं लुगडं सोडून बाळासोच्या हातात दिलं. "रोज मी येनार न्हाय. ह्ये पांगरून बसत जावा, मग सोडंल ती. धुवू नगा मातुर."

संध्याकाळी गंगावेशीत चांदी उभी राहिली. बाळासोनं त्या मिशाळ तोंडाभोवती हिरवं लुगडं गुंडाळून घेतलं आणि तो कासेपाशी बसला. भोवतीची माणसं खिदळली. चांदीनं मान वळवून त्याच्या खांद्याचा वास घेतला, जरा थांबली आणि पान्हा सोडला. चिमणाबाई हातभर अंतरावर उभी होती.

पेला हातात घेऊन एक चष्मेवाले गृहस्थ म्हशीकडे कौतुकानं पाहत होते. "काय तब्येत राखलीय हो," ते म्हणाले. "कुणी पाळलीय?"

"आमीच की, पावनं," लुगड्याच्या आतून बाळासो म्हणाला. त्याला ते बोलताना काहीच वाटलं नाही, धंद्यात बोलायची सवय.

चिमणाबाईचा हात झपकन पुढे गेला. त्याच्या खांद्यावरचा पदर तिनं मुठीत पकडला. बोटं पांढरी पडली. मला वाटलं, आता ओढणार. ओढ, असं मी मनातल्या मनात ओरडलो, ओढ आणि लाथ घाल त्या चरवीला, सगळं दूध जाऊ दे गटारात. चांदीचे डोळे अर्धे मिटले होते. चरवीत धार वाजत होती.

तिनं मूठ सोडली. बाळासोच्या खांद्यावरून घसरलेला पदर तिनं सारखा केला, नीट गळ्यापर्यंत ओढून दिला.

"हात लावायच्या आदी पेंड म्होरं ठेवत जावा," ती त्याला म्हणाली. "उपाशी आसली की चिडती."

आणि ती एसटी गाठायला निघाली.