राधाबाईचा लाल

बासष्टच्या दिवाळीत चीनशी लढाई जुंपली आणि जबलपूरच्या सरकारी तोफांच्या कारखान्यात 'लाल' ही शिवी झाली.

त्याआधी लाल म्हणजे एकटा दिवाकर. कारखान्यातला खरा कम्युनिस्ट. आता तोंड उघडेल तो लाल. बंडू समाजवादी, साहेबांची इंग्रजी हटवा म्हणाला, लाल. नीलकंठराव खादीवाले, लढाई कुठलीही वाईटच म्हणाले, तेही लाल. वास्तविक बंडू आणि दिवाकर एका बाकावर बसत नव्हते, आणि नीलकंठराव रोजच्या प्रार्थनेत दोघांसाठी सद्बुद्धी मागत. पण एवढा हिशेब कोण करतो? एका डबड्यातला रंग सगळ्यांच्या तोंडाला फासला की काम सोपं.

मग अंबादास मेश्रामचा नंबर लागला. लेथवर हात बसलेला, पण नोकरी अजून कच्ची. पोलीस चौकशी झाली की पक्की होणार होती. त्याचा गुन्हा काय? जेवणाच्या सुट्टीत त्यानं 'त्यांच्यासाठी' वेगळा ठेवलेला माठ सोडला आणि सगळ्यांच्या माठातलं पाणी प्यायला.

"अंबादास, तू लाल झालास रे," फोरमन विष्णुपंत म्हणाले.

"साहेब, आमचा झेंडा निळा आहे."

"झेंडा कोणताही असो. भांडतो तो लालच."

दिवाकर हसला. "चला, शेवटी आमच्यात आलास!"

"तुमच्यात? तुमच्या मजुरांच्या राज्यात माझा माठ कुठे ठेवणार, ते सांगा आधी."

दिवाकरला एकदम मशीनला तेल द्यायची आठवण झाली.

त्या दिवसांत गल्लीतून रोज भोंगा लावलेली जीप फिरे. 'भारत माँ के लाल, उत्पादन बढ़ाओ!' अंबादासची आई राधाबाई दारात येऊन ऐके. विदर्भातून आलेली बाई, हिंदी बाजारापुरती. पण लाल म्हणजे लाडका लेक, एवढं तिला पक्कं ठाऊक. सरकार आपल्या पोराला हाक मारून राहिलं, असंच तिला वाटे.

एका संध्याकाळी भाकर वाढताना ती खुशीत होती.

"पोलीस आला होता रे. मोठा सज्जन. बोलला, 'अम्मा, तुम्हारा बेटा लाल है क्या?' मी म्हटलं, 'हाँ भैया, पक्का लाल है. बचपन से.'"

अंबादासनं घास ताटात ठेवला.

"मग?"

"मग काय? लिहून घेतलं त्यानं. पाणीबी प्यायला नाही, घाईत होता."

आठवड्याच्या आत गेटवर अंबादासचा बिल्ला काढून घेतला, नोकरी गेली. "तुझ्या आईनंच सांगितलं बाबा, मी काय करू?" विष्णुपंत म्हणाले. दिवाकर मात्र कामावरच राहिला. चीनच्या निषेधाच्या पत्रकावर त्यानं सही ठोकली होती. तो रातोरात देशभक्त झाला. बेचाळीसच्या चळवळीत लोक तुरुंगात जात होते, तेव्हाही हाच दिवाकर इंग्रजांच्या लढाईसाठी 'माल वाढवा' सांगत फिरायचा. तेव्हाही साहेब त्याच्यावर खूशच होते. ज्याच्यासाठी 'लाल' हा शब्द होता, तोच तेवढा कोरडा सुटला.

बाहेर जीप ओरडत होती. 'भारत माँ के लाल...'

भर दुपारी अंबादास दारात दिसला, तशी राधाबाई उठली.

"काहून रे, एवढ्या लवकर?"

त्यानं चपला काढल्या. खरं सांगितलं असतं, तर तिनं जन्मभर जीभ चावली असती.

"पक्का झालो, आई."

राधाबाईनं डबा उघडला आणि त्याच्या हातावर साखर ठेवली. अंबादासनं ती गिळली.