बायकोने काहीच न बिघडवलेला दिवस

बायको त्याला मिस्त्री म्हणायची, आणि उगाच नाही म्हणायची. स्वयंपाकघरातला नळ नुसता ठिबकायला लागला, की याचे हात शिवशिवलेच म्हणून समजा. आधी पाना उचलायचा, नळ खोलायचा, ओट्याखाली तळं करायचं आणि मग विचारायचं, "नक्की कुठून गळत होतं गं?" माणूस आळशी नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. पण बघण्याआधी करून मोकळा!

याच गुणापायी तो नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेत दोनदा आपटला होता. तिथे मुद्दाम बिघडवलेलं नेटवर्क समोर ठेवतात. राउटर एकमेकांना माहितीचे रस्ते सांगायचे थांबलेले असतात, नाहीतर भलतेच रस्ते सांगत असतात. बिघाड आपण शोधायचा. हा एक शोधायला जायचा आणि त्या नादात आणखी चार घालून ठेवायचा. बायको मात्र पहिल्या फटक्यात पास झालेली. आता दोघांच्या कंपनीने दुसऱ्या शहरात मोठं काम घेतलं होतं आणि तिची बदली पक्की झाली होती. त्याला तिथे घ्यायचं तर हे सर्टिफिकेट हवंच. नाहीतर ती तिकडे, हा इकडे आणि संसार फोनवर.

म्हणून जेवणाच्या टेबलाशेजारी जुन्या राउटरांचा रॅक उभा राहिला. हा परीक्षेसाठी रजेवर. सकाळी ती त्याला चहा करायला पिटाळायची आणि तेवढ्यात नेटवर्कमध्ये एखादी खोडी करून ऑफिसला जायची. दिवसभर त्याने शोधायचं, संध्याकाळी तिने तपासायचं. खोड्या तरी कसल्या! एकदा दोन राउटर एकाच पत्त्यासाठी एकमेकांकडे बोट दाखवत बसले आणि माहिती बिचारी मधल्यामध्ये गरगरत राहिली.

"बाई गं, कुठला राग काढतेस माझ्यावर?" तो विचारायचा.

"यादी मोठी आहे. तू शोध," ती म्हणायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "चल, बस आता. आज शेवटचं." आणि त्याच्याकडे न बघताच चपला घालून निघून गेली.

मिस्त्री लागले कामाला. पहिल्या राउटरच्या सेटिंगमधली एक ओळ जरा संशयास्पद वाटली, बदलली. दुसऱ्याने एक रस्ता अडवून धरला होता, तो मोकळा केला. त्याबरोबर तिसरा आपले सगळे रस्ते विसरला. "सापडलीस!" म्हणत हा तिकडे धावला. दुपारचं ताट झाकलेलंच राहिलं. ती घरी आली तेव्हा एकही राउटर दुसऱ्याला ओळख दाखवायला तयार नव्हता.

"अरे देवा! हे काय करून ठेवलंस?"

"मी? तू करून ठेवलंस! आज तर कहरच केलास. सांग, काय बिघडवलं होतंस? मी हरलो."

"काहीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. आधी पिंग केलंस का?"

पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला मारलेली हाक. त्याने ओ दिली की रस्ता ठीक. सकाळी हाका मारल्या असत्या तर सगळ्यांनी ओ दिली असती आणि हा पाय पसरून निवांत झोपला असता. त्याचं तोंड एवढंसं झालं. तिला हसू आवरेना. मग मात्र तो खरोखर भडकला.

"उद्या परीक्षा आणि आज असली थट्टा? जायचंय ना तुला एकटीला? जा खुशाल!"

तिचं हसू गेलं. तिने जतन करून ठेवलेली सेटिंग राउटरांवर परत चढवली आणि पानं वाढली.

परीक्षेत पहिलाच प्रश्न समोर आला आणि त्याचे हात कीबोर्डकडे धावले. "आधी पिंग केलंस का?" कानात तिचाच आवाज. राग अजून गेला नव्हता, पण हात थांबले. एकेका राउटरला त्याने नुसती हाक मारली, ओ कुठून येत नाही ते बघितलं आणि बिघाड एका कोपऱ्यात जाऊन सापडला. सगळे प्रश्न असेच सोडवले. वेळही उरला. एका राउटरवरची एक ओळ त्याला अजिबात आवडली नव्हती; सुधारावी म्हणून बोटं नुसती वळवळत होती. पण रस्ते चालू होते. तो हात मांडीखाली दाबून बसला.

निकालाची मेल आली तेव्हा ती बॅग भरत होती. "पास!" तो ओरडला. ती पलंगावर मटकन बसली आणि रडायलाच लागली.

पाणी आणावं, पंखा लावावा, बॅग आपणच भरून टाकावी, सगळं एकदम त्याच्या हातात आलं. पण तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "काय झालं गं?"

"त्या दिवशी खोडी काढायला बसले होते मी. हातच चालेना. म्हटलं, याला नाही सापडली तर हा हाय खाईल आणि उद्या पुन्हा आपटेल. मला नाही रे राहायचं तिकडे एकटीला. म्हणून काही केलंच नाही. वाटलं, सगळं चालतंय बघून खूश होशील, जरा झोपशील."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

त्याने तिचा हात हातात घेतला. स्वयंपाकघरात नळ पुन्हा ठिबकायला लागला होता, दोघांनाही स्पष्ट ऐकू येत होतं. मिस्त्री जागचे हलले नाहीत.