पाच गुणांचं पत्र

बावीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नाही आणि मी विसरलोही नाही. ते माझ्या मोठ्या शब्दकोशात ठेवलेलं आहे, म्हणून शब्द अडला की मी शक्यतो धाकटाच कोश उघडतो.

पाथर्डीच्या शाळेत मी आठवीला इंग्रजी शिकवत असे. पत्रलेखनाला पाच गुण होते. वहीत लिहिलेलं पत्र वहीतच राहतं, हे मला पटेना. म्हणून मी नियम केला, की पत्र खरोखर पोस्टात टाकायचं, माझ्या घरच्या पत्त्यावर. आठ दिवसांत माझं उत्तर जाई. ते वर्गात आणून दाखवलं की पाच गुण. समोर उभं राहून बोलण्यापेक्षा मलाही हे सोपं होतं.

वर्गातल्या ज्ञानेश्वरीचं पत्र डिसेंबरात आलं. आईबाप ऊसतोडीला गेले तेव्हा तिलाही बरोबर घेऊन गेले होते. कारखान्याजवळच्या कोप्यांमधून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्यांमधून, तिनं ते पाठवलं होतं. वर चार ओळी इंग्रजी आणि खाली मराठी.

"सर, तुम्ही 'साधं' या शब्दासाठी फळ्यावर पाच इंग्रजी शब्द लिहिले होते. मी ते इथं लावून बघते. आमच्या कोप्या साठ आहेत आणि सगळ्या सारख्या, म्हणून त्या कॉमन. टँकर रोज दुपारी येतो, ते युज्वल. माझ्या ओढणीवर नक्षी नाही, ती प्लेन. बाबा आठवड्यात किती मोळ्या बांधतात त्याला सातानं भागलं, ते ॲव्हरेज. ऑर्डिनरी मात्र कशालाच लागत नाही. तो कुणाला लावायचा?"

मला उत्तर येत नव्हतं. कोश काढले. एका कोशात ऑर्डिनरीपुढे कॉमन, कॉमनपुढे युज्वल आणि युज्वलपुढे परत ऑर्डिनरी. अकरा खर्डे केले. प्रत्येकात काहीतरी चुकल्यासारखं वाटे. मग मी स्वतःला सांगितलं, की पत्ता अपुरा आहे, उत्तर पोचणार नाही. उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा मी स्टाफरूमच्या मागच्या दारानं ये-जा करू लागलो. निकालाच्या वेळी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : ऑर्डिनरी.

निवृत्तीनंतर आम्ही नेवाशाला, माझ्या पत्नीच्या, मनकर्णाच्या माहेरगावी राहायला आलो. गेल्या बावीस एप्रिलला फोन वाजला.

"सर, ओळखलंत का? ज्ञानेश्वरी. पाच मार्क बाकी असलेली."

मी उभा राहिलो. फोनवर उभं राहायचं काही कारण नव्हतं.

"बोल, बाई."

"आता मीपण बाईच झालेय, सर. आठवीलाच शिकवते, पाथर्डी तालुक्यातच." ती हसली. मग म्हणाली, "एक मेला निकाल वाटायचा आहे. इंग्रजीच्या रकान्यात एका शब्दाचा शेरा लागतो. तीस मुलांचे लिहून झाले. ज्योती म्हणून एक मुलगी आहे. दिवाळीनंतर उसाला गेली, मार्चच्या शेवटी आली. तिच्यापुढं मी पेन ठेवलं आणि हातातून तुमचाच शब्द निघाला. अजून पेन्सिलीनंच लिहिलाय."

मी खुर्ची ओढून बसलो.

"माझ्या बाबांनी तो शब्द एका कंडक्टरला विचारला होता. तो म्हणाला, आपली साधी गाडी असते ना, तसं. बाबा खूश झाले. पोरगी साधी आहे म्हणून पाहुण्यांना सांगायचे. मी कोशात बघितलं होतं, पण त्यांना सांगितलं नाही. सर, तुम्हाला नेमकं काय म्हणायचं होतं? ते कळलं की ज्योतीचं ठरवते."

"मी... सांगतो हं. म्हणजे असं आहे..."

"फोनवर नको, सर. पत्रानंच. तुमचाच नियम आहे."

पत्ता सांगून तिनं फोन ठेवला.

चोवीस तारखेपर्यंत टेबलावर चार कोश आणि सात खर्डे झाले. मनकर्णा गवार निवडत समोर येऊन बसली.

"कुनाचं लग्न जुळवताय एवढं?"

मी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीचंसुद्धा सांगितलं. एवढ्या वर्षांत तिला ते मी प्रथमच सांगत होतो.

"म्हंजी त्या पोरीला घाबरून मागच्या दारानं जायचा तुमी? मला वाटायचं मुख्याध्यापकाला घाबरता."

"त्यांनाही घाबरायचो."

"बरं, अडलंय काय?"

"शब्दांच्या छटा. कॉमन, नॉर्मल, प्लेन. वरवर सगळे सारखे, पण..."

"सारखे कुठं हायेत?" तिनं गवारीची शीर ओढली. "डॉक्टर म्हनला रिपोर्ट नॉर्मल हाय, की आपन पेढे वाटतो. प्लेन म्हंजी ब्लाउजपीस, आपल्या आवडीनं घेतलेला. कॉमन म्हंजी चाळीतला नळ, सगळ्यांचा. ह्यात वाईट वाटन्यासारखं काय हाय? ते चौथं काय म्हनला?"

"ऑर्डिनरी."

"ते मी कुनाला म्हनत न्हाई."

"का?"

"ओळखीच्या मानसाला कसं म्हनायचं? शेजारच्या गोजरबाईला म्हनू? ती झोपेत गाती. समोरच्या केशरबाईला म्हनू? ती मांजराशी भांडून दोन दिवस अबोला धरती. जिच्याकडं बघितलंच न्हाई तिला म्हनता येईल." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "तुमी बघितलं हुतं का त्या पोरीकडं?"

मी चष्मा पुसला.

"वर्गात चोपन्न मुलं होती," मी म्हणालो. "ती निम्मं वर्ष नव्हती. जी उसाला जायची त्या सगळ्यांना मी तोच शेरा द्यायचो. चांगलं लिहावं तर खात्री नसायची, वाईट लिहावं तर धीर नसायचा. आणि उत्तर पाठवायचं तर पत्ताही धड नव्हता."

मनकर्णानं हात पदराला पुसले, मोठा कोश स्वतःपुढं ओढला आणि पत्र काढलं. चार ओळींचं इंग्रजी तिनं सोडून दिलं, मराठी वाचलं, मग कागद उलटा केला. मागं पेन्सिलीनं नकाशा काढलेला होता. कारखान्याचं फाटक, वजनकाटा, हातपंप, बाभूळ, आणि साठ चौकोनांतला एक काळा केलेला. खाली लिहिलं होतं, 'पोस्टमनकाका, इथं.'

"ह्यो पत्ता धड न्हाई?"

"मला माहीत होता तो नकाशा," मी म्हणालो.

ती मला टोचून काहीतरी बोलेल असं वाटलं. तिनं फक्त कोश मिटले, एकावर एक रचले आणि कपाटात नेऊन ठेवले.

"आता लिव्हा. ह्यातलं काय बी न बघता."

त्या दुपारी मी लिहिलं.

"चि. ज्ञानेश्वरीस आशीर्वाद. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. कॉमन, युज्वल, प्लेन, ॲव्हरेज तू तेव्हाच बरोबर लावले होतेस, कारण तू मोजत होतीस आणि बघत होतीस. ऑर्डिनरी कशालाच लागत नव्हता, कारण तुझ्यासमोरची प्रत्येक गोष्ट तू पाहिलेली होती. मी तो शब्द लिहिला तेव्हा मला काहीच म्हणायचं नव्हतं. मी तुला पाहिलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. तो शेरा तुझा नव्हता. माझ्या प्रगतिपुस्तकातला होता. तुझ्या वडिलांनी लावलेला अर्थ माझ्यापेक्षा चांगला आहे, तोच राहू दे.

ज्योतीला तो शब्द देऊ नकोस. तिला बोलावून उसाकडे काय काय पाहिलं ते विचार. त्यातून एखादा शब्द निघेल. नाहीच निघाला तर रकाना मोडून वाक्य लिही. मुख्याध्यापक रागावले तर माझं नाव सांग. त्याचा उपयोग होईल असं मात्र वाटत नाही.

पत्रलेखन : पाचपैकी साडेचार. तारीख घातली नव्हतीस. माझ्या उत्तराला उशिराबद्दल शून्य."

मनकर्णानं ते वाचलं. "अर्धा मार्क कशाला कापला?"

"तारीख नव्हती."

"बावीस वर्षांनी उत्तर देनारा मानूस तारखेचा मार्क कापतोय."

मी साडेचार खोडून पाच केले. पाकिटावर सवयीनं 'जिल्हा अहमदनगर' लिहिलं. तिनं बोट ठेवलं, तसं दुसरं पाकीट घेऊन अहिल्यानगर लिहिलं.

पोस्टात तेव्हाच्या तेव्हा जायचं ठरलं, कारण रात्र मध्ये गेली तर मी आणखी एक खर्डा करणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटचं टपाल निघायला दहा मिनिटं होती. पेटीच्या तोंडात पाकीट अर्धं सरकवून मी थांबलो.

"आता काय?"

"'प्रगतिपुस्तकातला' बरोबर आहे, की 'प्रगतिपुस्तकाचा' हवं होतं?"

"तिला कळंल."

"आणि पिनकोड?"

"मी दोनदा वाचलाय. हात काढा."

मी हात काढला. पाकीट आत पडलं.