बटाट्याचा कॅन्सर

रोडपालीच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. लग्नाला असतात तसेच पडदे, तसेच पंखे. फक्त नवरा-नवरीच्या खुर्च्यांच्या जागी टेबल होतं आणि टेबलावर मोबाइलएवढी काचपट्टी. पट्टीत केसासारख्या बारीक नळ्या कोरलेल्या, आणि कॅमेऱ्याने ते सगळं मागच्या पडद्यावर मोठं करून दाखवलेलं. एका टोकाला रक्ताचा थेंब पडला, बाटलीतल्या दुसऱ्या थेंबाने त्याला पुढे ढकललं आणि पलीकडच्या तोंडातून पांढरा फेस उसळला. हॉलभर ‘अगो बाय!’ झालं.

“दिसला?” विश्वजीतगुरू गरजले. अंगात डॉक्टरचा कोट, गळ्यात रुद्राक्ष, म्हणजे दोन्हीकडून सोय. “हाच तो कॅन्सर! मायक्रोफ्लुइडिक! परदेशी तंत्र, हिमालयाचा मंत्र! सुरी नाही, सुई नाही! पुड्या घ्या, फेस गेला की रोग गेला!”

‘सुई नाही’ यावर, ज्याचं बोट आत्ताच सुईने टोचलं होतं, तोही मान डोलावत होता.

शेवटच्या रांगेत मनिषा दातओठ खात उभी होती. पनवेलच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. तिची आत्या कृष्णाबाई पहिल्या रांगेत बसली होती, उलव्याची कोळीण, पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी. छातीत गाठ लागली म्हणून डॉक्टरांनी तिला बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायची, तारीख दिली होती. तेवढ्यात कुणीतरी तिला इथे आणलं. फेस आला, पुड्या झाल्या, आणि मागच्या खेपेला फेस आलाच नाही. आत्याने इस्पितळाची तारीख परस्पर रद्द करून टाकली.

आठवडाभर मनिषा डोकं फोडत होती.

“आत्या, गाठ गेली का?”

“मशीन बोलतं, गेली.”

“मशीनचं नको सांगू गं, गाठीचं सांग!”

“तुमी शिकलेल्या पोरी लय बोलता. काचेत समद्यांनी बगितलं, मंग?”

आणि खरी चीड याची होती की ‘मायक्रोफ्लुइडिक’ हा शब्द खोटा नव्हता. अशा बारीक नळ्यांच्या पट्ट्यांवर मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम चाललंय. गाठीतून सुटून रक्तात वाहणारी एखादीच पेशी, ती कोट्यवधी रक्तपेशींतून वेगळी काढायची. मनिषाने नववीच्या वर्गात हे किती हौसेने सांगितलं होतं! आणि हा माणूस तोच शब्द उचलून पुड्या खपवत होता.

तासभर तिने त्याचे हात पाहिले. नव्या रुग्णाला थेंब तपकिरी बाटलीतून, पुड्या संपवलेल्याला पांढऱ्या बाटलीतून. दोन्हींवर चिठ्ठी एकच, ‘अमृतजल’.

“आता बघा, बरी झालेली माउली!” गुरूंनी कृष्णाबाईला वर बोलावलं. बोट टोचलं, पांढरी बाटली, फेस नाही. टाळ्या.

मनिषा गर्दीतून वाट काढत टेबलापाशी पोहोचली. “गुरुजी, याच रक्तावर त्या तपकिरी बाटलीतला थेंब टाका.”

“ती शक्ती वेगळी, ताई.”

“कॅन्सर शोधायचीच ना? आत्या बरी झालीय, मग फेस येणारच नाही. घाबरता कशाला?”

“टाक की रं!” पहिल्या रांगेतून बुधाजी ओरडला. बायकोसाठी दोनदा पुड्या नेलेला माणूस तो. गुरूंना वेळ अशुभ वाटायला लागली. मनिषाने मग स्वतःच तपकिरी बाटली उचलून थेंब टाकला.

फेस भसाभसा आला. कृष्णाबाईचा चेहरा उतरला. “परत आला गो?”

आत्या असं समजेल, हे मनिषाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने घाईने नवी सुई घेऊन स्वतःचं बोट टोचलं. तिच्याही रक्ताला फेस. मग फेसाचं ऐकून संशयाने घरून आणलेला बटाटा पिशवीतून काढला, चाकूने चिरला, कॅमेऱ्याखाली धरून थेंब टाकला. पडद्यावर बटाटा फेसाळला.

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं, “बटाट्याला कॅन्सर!”

“हे हायड्रोजन पेरॉक्साइड,” मनिषाने तपकिरी बाटली उंच धरली. “औषधाच्या दुकानात मिळतं. उजेडात त्याचा जोर जातो, म्हणून बाटली तपकिरी. रक्तात आणि बटाट्यात जो एक पदार्थ असतो, त्याला हे लागलं की प्राणवायू सुटतो आणि फेस होतो. आजारी असो नाहीतर धडधाकट, सगळ्यांचाच. आणि पांढऱ्या बाटलीत नुसतं पाणी. आत्या, शिंगाळा माशाचा काटा हातात घुसला की दवाखान्यात काय ओततात?”

कृष्णाबाईने तळहात उघडला. जुने व्रण होते. हॉलमधल्या निम्म्या कोळ्यांनी आपापले हात पाहिले.

“फेसाचं औषध,” बुधाजी सावकाश म्हणाला.

दर हंगामात पाहिलेला फेस. तळहातावर ते औषध होतं, काचेत गेलं तर चमत्कार झाला!

गुरू मागच्या दाराकडे सरकले होते. बुधाजीने कोटाची कॉलर धरली आणि पोलिसांना फोन गेला. मनिषाला वाटलं, झालं एकदाचं. तेवढ्यात एक बाई जवळ आली. “मास्तरीनबाय, मंग खऱ्या मशीनवाला गुरू कुठं बसतो?” मनिषाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

“गुरू नाही हो, डॉक्टर! तपासण्या इस्पितळात होतात. आणि खरी पट्टी उद्या तिथे आली, तरी तिलाही विचारायचं, माझ्यासारख्या किती जणांवर तुला पडताळलंय? किती वेळा चुकलीस? जो विचारू देत नाही, त्याच्याकडे थेंबभरही रक्त द्यायचं नाही.”

रिक्षात कृष्णाबाई मनिषाला टेकून बसली. मग पदराआड हात नेत म्हणाली, “हाताला लागत व्हती गो. रोज आंघोळीला लागत व्हती. मोठी पन झालीय.”

“मग बोलली का नाहीस?”

“काचेत नाय दिसली ना.”

मनिषाला ओरडायचं होतं. गेलेले दिवस कोण परत देणार होतं? तो कोटवाला तर नक्कीच नाही. पण तिने आत्याचा हात घट्ट धरला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “घरी नको, इस्पितळात घ्या.”